प्लग अॅव्हरेज देत नाही, गेलेले अॅव्हरेज परत आणतो

(सक्करदरा, नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भाव, कर्ज आणि पीकविमा यांवर बोलणे झाले. जेवणाआधीच्या या अर्ध्या तासात आम्हाला एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचे आहे. वस्तू बोटाएवढी आहे, साधी घेतली तर दीडेकशे रुपयांत मिळते आणि इंजिनाच्या डोक्यात बसते. तिचे नाव स्पार्क प्लग. कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत प्लगचे काय काम, असे मागच्या रांगेतल्या काही जणांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. त्यांनी बाहेर जाऊन उभ्या असलेल्या गाड्या मोजून याव्यात. बैलजोडी एकही नाही. मोटारसायकली आहेत, आणि चार-पाच गावांतली माणसे बसवून आणलेल्या छोट्या मालगाड्या आहेत.

एकाधिकार कापूस खरेदी १९७२ साली सुरू झाली. त्या काळात केंद्राबाहेर कापसाच्या बंड्यांच्या रांगा लागत, बैल रात्र रात्र जुवाशेजारी बांधलेले असत. त्या वाहतुकीचा खर्च आपण कधी मांडलाच नाही. बैल घरचे, कडबा घरचा, आणि आपली मेहनत तर फुकटचीच धरलेली. आता बंडीच्या जागी गाडी आली. तिचा कडबा पंपावर रोख पैसे मोजून घ्यावा लागतो. तरी हिशेब न मांडण्याची जुनी सवय काही सुटली नाही.

पेट्रोलचा भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला. जून २०१७ मध्ये देशभर रोजच्या रोज भाव ठरवण्याची पद्धत आली. आपल्या कापसाचा भाव आपण ठरवत नाही, पेट्रोलचाही नाही. मग आपल्या हातात काय उरते? एका खेपेला किती लिटर जाळायचे, एवढे उरते. आजचे बोलणे त्या लिटरांबद्दल आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मोठ्या डिझेल ट्रकला स्पार्क प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की दाबानेच ती तापते. तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली असे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. काही डिझेल गाड्यांत हीटर प्लग असतो. त्याचे काम थंड इंजिन सुरू करताना आतली जागा गरम करण्याचे. तो खराब झाला तर पौष महिन्यात सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करील. पण धावत्या गाडीचे अॅव्हरेज नवा हीटर प्लग टाकून वाढत नाही. म्हणून तुमची गाडी डिझेलची असेल आणि कोणी ‘अॅव्हरेजचा प्लग’ विकायला आला, तर त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा.

मग प्लग आपल्या दारात आला कसा? टाटा एस, जिला आपण छोटा हत्ती म्हणतो, ती २००५ साली आली तेव्हा डिझेलची होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. डिझेलचा धूर साफ करणारी यंत्रणा लहान गाडीला महाग पडते, त्यामुळे छोट्या मालगाड्यांत पेट्रोल आणि सीएनजीचे प्रमाण वाढले. मारुतीची सुपर कॅरी २०१६ साली डिझेल इंजिन घेऊन आली होती. पुढे ती पेट्रोल आणि सीएनजीवर गेली. पेट्रोल असो की सीएनजी, इंधन पेटवायला ठिणगी लागते, आणि ठिणगी म्हटली की प्लग आला. मोठ्या ट्रकांतही आता गॅस शिरला आहे. जुलै २०२१ मध्ये याच नागपुरात कामठी रस्त्याच्या बाजूला एलएनजीचा पंप सुरू झाला. गॅसवर चालणाऱ्या अशा ट्रकलाही बहुधा प्लग असतात. म्हणजे हा विषय मोटारसायकलपुरता राहिलेला नाही.

आता आमच्यावर बेतलेली गोष्ट सांगतो.

आम्ही चार कास्तकारांनी मिळून एक जुनी पेट्रोल मालगाडी घेतली. चार सिलिंडरची. हंगामात चौघांचा कापूस, तूर, ज्वारी न्यायची आणि मधल्या दिवसांत गावचे भाडे मारायचे, असा बेत होता. चौघांपैकी एक जण गाडी चालवायचा. पहिल्या वर्षी लिटरला १६ किलोमीटर मिळत. दुसऱ्या हंगामात आकडा १४ वर आला, मग १३ वर. रिकामी गाडी सुरळीत पळायची. भरली आणि चढ आला की धापा टाकायची. इंजिनाचा पिवळा दिवा कधी लागे, कधी विझे. आम्ही त्याच्याकडे लक्ष दिले नाही.

लक्ष दुसरीकडेच गेले. तिघांच्या मनात एकच विचार आला, की पेट्रोल कुठेतरी मुरते आहे. तोंडावर कोणी बोलले नाही. पण चालवणाऱ्या भावाकडे पावत्या मागायला सुरुवात झाली, मग टाकीला कुलूप आले. एका संध्याकाळी त्याने किल्ली आमच्या ओसरीवर ठेवली आणि म्हणाला, “उद्यापासून तुम्हीच चालवा. चोर म्हणून आपल्याला गाडी नाही चालवायची.” तीस वर्षांची संगत, एकमेकांच्या वावरात डवरणीला गेलेली माणसे, आणि लिटरमागच्या तीन किलोमीटरवरून बोलणे बंद झाले.

मधल्या काळात एका दुकानदाराने आम्हाला इरिडियमचे प्लग घ्या म्हणून गळ घातली होती. लिटरला दोन किलोमीटर नक्की वाढतील, असा त्याचा शब्द. चार प्लगचे जवळजवळ तीन हजार रुपये होत होते. आमच्यातला एक जण पैसे मोजायला तयारही झाला होता.

त्याआधी आम्ही गाडी इथे सक्करदऱ्यात, उमरेड रोडकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आणली. त्याने गाडी चालवूनसुद्धा पाहिली नाही. चारही प्लग काढले आणि जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. तीन एका नंबरचे होते, चौथा वेगळ्याच नंबरचा. आमच्याआधीच्या मालकाच्या हातून किंवा एखाद्या घाईच्या दुरुस्तीत तो बसला असावा. त्याच्या टोकावर काजळी होती. उरलेल्या तिघांपैकी एकाच्या चिनी मातीच्या भागाला केसासारखी चीर गेली होती. आणि चारही प्लगांची फट झिजून ठरल्यापेक्षा मोठी झाली होती. मग त्याने एअर फिल्टर काढून झटकला. आतून धूळ आणि कापसाचे तंतू निघाले, जिनिंगच्या आवारात तासन् तास इंजिन चालू ठेवून उभे राहण्याचा प्रसाद. “भाऊ,” तो म्हणाला, “टाकीला कुलूप कशाला लावले? पेट्रोल इथून जाते.”

त्याने पुस्तकात लिहिलेल्या नंबरचे चार साधे प्लग, एक फिल्टर आणि मजुरी घेतली. इरिडियमच्या निम्म्या पैशातही काम झाले नाही, त्याहून कमीत झाले. पुढच्या चार टाक्यांत अॅव्हरेज १६ च्या जवळ आले. सोळाचे अठरा झाले नाहीत. ते होणारही नव्हते.

या गोष्टीतून जे शिकलो ते तपशिलाने सांगतो, कारण तपशिलातच पैसे आहेत.

प्लगचे काम एकच: ठरलेल्या क्षणी, प्रत्येक वेळी, पुरेशी ठिणगी देणे. ठिणगीने एकदा इंधन पूर्ण पेटले की ठिणगी आणखी मोठी केल्याने त्यातून जास्त शक्ती निघत नाही. चूल पेटवायला एक काडी पुरते. दहा काड्या लावल्या म्हणून भाकरी लवकर भाजत नाही. पण काडी विझली तर चूल पेटतच नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर पेटला नाही, मिस्त्रींच्या भाषेत गाडी मिसिंग मारू लागली, तर त्या सिलिंडरचे इंधन वाया जाते आणि उरलेल्या तिघांना त्याचे ओझे ओढावे लागते. दोन सिलिंडरच्या गाडीत तर अर्धी ताकदच गेली. शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडच्या धूर साफ करणाऱ्या भागात जाऊन जळते आणि तो भाग वितळवते. तो बदलायचा तर आकडा हजारांत जातो.

रिकामी गाडी नीट चालते आणि भरलेली धापा टाकते, असे का? भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो. वाढलेल्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. फट झिजून मोठी झाली असेल, तर आणखी जास्त. आणि चिनी मातीला चीर असेल तर वीज फटीतून उडी मारण्याऐवजी त्या चिरेतून सोपी वाट काढते. म्हणून मालगाडीचा प्लग रिकाम्या गाडीवर तपासून पास करू नका.

आता निवड. प्लग घेताना चार गोष्टी पाहायच्या.

पहिली, आटे आणि लांबी. १४, १२ किंवा १० मिलिमीटर अशी आट्यांची जाडी असते. आट्यांची लांबी जास्त झाली तर टोक पिस्टनवर आदळून इंजिन फुटू शकते. कमी झाली तर ठिणगी खोबणीत पडते आणि काजळी धरते. “बसतो ना, मग चालतो” हे इथे चालत नाही.

दुसरी, उष्णतेचा नंबर. प्लगचे टोक साधारण साडेचारशे अंश सेल्सिअसच्या वर राहिले पाहिजे, म्हणजे त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते साडेआठशे-नऊशेच्या पलीकडे गेले तर ठिणगीआधीच इंधन पेटू लागते आणि पिस्टन जळतो. उष्णता लवकर सोडणारा तो थंड प्लग, धरून ठेवणारा तो गरम प्लग. इथे एक खाचखळगा आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या प्लगवर उलटे, आकडा जितका मोठा तितका प्लग गरम. आपल्यातले जुने लोक ज्याला मायकोचा प्लग म्हणत तीच ही कंपनी. २००८ साली मायकोचे नाव बॉश झाले. म्हणून एका कंपनीचा आकडा पाहून दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा मागू नका. दुकानात जोडतक्ता असतो, तो दाखवायला सांगा.

तिसरी, फट. पेट्रोल गाड्यांत ती साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. तुमच्या गाडीची नेमकी किती ते पुस्तकात असते. नवा प्लग डब्यातून काढला म्हणजे फट बरोबर असेलच असे नाही. गेजची पट्टी घालून पाहा.

चौथी, टोकाचा धातू. साधा प्लग निकेलच्या मिश्रधातूचा. महागडे प्लॅटिनमचे किंवा इरिडियमचे. निकेल १४५५ अंशांना वितळते, इरिडियम २४०० अंशांच्याही वर. म्हणून इरिडियमचे टोक बारीक ठेवता येते, ते लवकर झिजत नाही आणि ठिणगीला व्होल्टेजही कमी लागते. हे गुण खरे आहेत. पण त्यातला मोठा गुण आयुष्याचा आहे, अॅव्हरेजचा नाही.

हिशेब करून पाहा. पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरू. गाडी १६ चे अॅव्हरेज देते, म्हणजे १००० किलोमीटरला साडेबासष्ट लिटर, ६२५० रुपये. साधा प्लग १५० चा आणि इरिडियमचा ७०० चा धरला तर चार प्लगांत २२०० रुपयांचा फरक. धड साध्या प्लगच्या जागी इरिडियम टाकून समजा शंभरात एक टक्का पेट्रोल वाचले, तर १००० किलोमीटरला ६२ रुपये. ते २२०० रुपये फिटायला ३५ हजार किलोमीटर धावावे लागेल. आपली गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालत असेल तर चार वर्षांहून जास्त. शहरातली भाड्याची गाडी, जी वर्षाला पन्नास हजार धावते, तिला सावकाश झिजणारा प्लग परवडतो. तिचा गॅरेजमधला खाडा वाचतो. हंगामी धावणाऱ्या आपल्या गाडीला तो हिशेब लागू नाही.

एक अपवाद नीट ध्यानात ठेवा. कंपनीनेच पुस्तकात इरिडियम किंवा प्लॅटिनम सांगितला असेल तर तोच घ्या. तिथे पैसे वाचवायला साधा टाकू नका. सांगितले असेल ते टाकायचे, वर चढायचे नाही आणि खालीही उतरायचे नाही.

आता आमच्या बिघाडाचा हिशेब मांडू. गावापासून माल विकायच्या ठिकाणापर्यंत जाऊन येऊन ९० किलोमीटर, गाडीत सैल भरलेला पाच क्विंटल कापूस. १६ च्या अॅव्हरेजला ५.६ लिटर लागतात, १३ ला ६.९. एका खेपेला १.३ लिटर, म्हणजे १३० रुपये जास्त. क्विंटलमागे २६ रुपये. लिलावात क्विंटलला दहा रुपये वाढवून मिळावेत म्हणून आपण घसा कोरडा करतो, आणि २६ रुपये वाटेतच धुराड्यातून सोडून येतो.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळे सांगतो. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे फट बऱ्याचदा लहान ठेवलेली असते आणि प्लग लवकर झिजतो. पेट्रोलवर गाडी ठीक आणि गॅसवर झटके, असे झाले की पहिला संशय प्लग आणि कॉईलवर घ्या. २०२२ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता, ते अनेकांना आठवत असेल. स्वस्त म्हणून घेतलेले इंधन नेहमी स्वस्त राहत नाही; वाया मात्र दोन्ही सारखेच जाते.

प्लग काढून वाचायला शिका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. प्लगच्या भोवतीची धूळ आणि तंतू आधी हवेने उडवून टाका, नाहीतर ते सिलिंडरमध्ये पडतील. टोकाचा रंग भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीसारखा, करडा-तांबूस असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त, हवा कमी, किंवा प्लग फार थंड नंबरचा. काळा आणि तेलकट असेल तर ऑईल वर येते आहे. तिथे नवा प्लग टाकून उपयोग नाही, रिंग किंवा व्हॉल्व्हचे काम आहे. पांढरा, फोड आल्यासारखा असेल तर टोक फार तापते आहे. गाडी तशीच पळवू नका. बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा. वायसर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेर पुरतो. जोर लावला तर अॅल्युमिनियमचे आटे जातात. इरिडियमचे टोक पॉलिश पेपरने घासू नका. आणि टोपी काढून बॉडीला ठिणगी उडवून पाहायची जुनी रीत या नव्या गाड्यांत बंद करा. कॉईल जळते, आणि गॅसच्या गाडीजवळ तर जिवाशी खेळ आहे.

सगळा दोष प्लगचाही नसतो. चाकात हवा कमी, ब्रेक घासतो, फिल्टर कोंदला म्हणून चालक पाय जास्त दाबतो, कापूस टपाच्या वर हातभर भरला म्हणून वारा अडतो. या सगळ्यांत पेट्रोल जाते. आणि पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. देशाने तो टप्पा २०२५ साली गाठला. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळे अॅव्हरेज थोडे उतरते, आणि ते कोणत्याही प्लगने भरून निघत नाही. शंभरात चार-पाच टक्के उतरले तर इंधन समजा. सोळाचे तेरा झाले तर गाडी उघडा.

हे ओळखायचे कसे? वही ठेवून. टाकी तोंडोतोंड भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तोंडोतोंड भरा, किती लिटर बसले ते लिहा. किलोमीटरला लिटरने भागा. बाजूला माल किती होता ते लिहा. एका टाकीवरून निकाल देऊ नका, चार टाक्या होऊ द्या. घरातली शाळेत जाणारी पोर हे काम आपल्यापेक्षा चांगले करते.

आमच्याकडे ही वही पहिल्या दिवसापासून असती, तर अॅव्हरेज एकदम घसरले नाही, महिन्यामागून महिना उतरत गेले, हे दिसले असते. भरल्या खेपेलाच ते जास्त उतरते हेही दिसले असते. पेट्रोल चोरणारा माणूस गाडी भरलेली की रिकामी हे पाहून चोरत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही, कारण आकडे नव्हते. आकड्यांच्या जागी संशय होता.

मिस्त्रीकडून परत जाताना आम्ही तो चिरलेला प्लग कागदात बांधून घेतला. त्या भावाच्या घरी गेलो, प्लग त्याच्या हातावर ठेवला आणि तिघांनी माफी मागितली. तो बराच वेळ प्लगकडे पाहत राहिला. मग त्याने चहा ठेवायला सांगितला. किल्ली मात्र त्याने लगेच घेतली नाही. पंधरा दिवस लागले. प्लगचे पैसे काही खेपांत वसूल झाले, या पंधरा दिवसांचे कसे मांडायचे ते आम्हाला अजून कळलेले नाही.

वेचणी तोंडावर आली आहे. गाडीत कापूस भरायच्या आधी एक सकाळ गाडीसाठी काढा. पुस्तक काढा, नंबर पाहा, प्लग उघडा, फिल्टर झटका, वही सुरू करा. ज्यांच्याजवळ गाडीचे पुस्तक नाही त्यांनी जेवणानंतर आमच्याकडे यावे. गेजची पट्टी आणि प्लगचा पाना आम्ही सोबत आणला आहे. बाहेर गाड्या उभ्याच आहेत, दोन-तीन आजच उघडून पाहू.